परदेशातून : बाहुलीच्या तोंडची भाषा

तैनानमधल्या एका छोट्या स्टुडिओत मी बाहुल्यांची तोंडं बनवते. तैवानच्या दक्षिणेकडचं हे शहर बेटावरचं सगळ्यात जुनं. इथे सध्या आमचा एक स्टॉप मोशन चित्रपट चालू आहे. बाहुल्या हाताने केलेल्या, घरं हाताने बांधलेली, आणि माणसांची प्रत्येक हालचाल कॅमेऱ्यासमोर तसूतसूने सरकवून टिपलेली. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. आम्ही दोन चित्रांना एक हालचाल धरतो, म्हणजे एका सेकंदासाठी बारा वेळा बाहुलीला हात लावायचा. सगळे दिवसभर राबले की संध्याकाळी हाती काही सेकंद येतात.

गोष्ट एका बाईची आहे. ती जन्मली जपानी राजवटीत, त्यामुळे शाळेत जपानी शिकली. वयात येत होती तेव्हा जपान हरला, चीनमधून चँग कै-शेकचं राष्ट्रवादी सरकार आलं आणि कचेरीपासून शाळेपर्यंत मंदारिन ही प्रमाण चिनी भाषा सुरू झाली. घरात आणि बाजारात मात्र ती जन्मभर ताइगी बोलत राहिली. चीनच्या फूच्येन प्रांतातून आलेल्या लोकांची ही भाषा तीन-चारशे वर्षांत तैवानची झाली. म्हणजे एकाच बाहुलीला तीन भाषांची तोंडं हवीत.

ॲनिमेशनमध्ये आधी आवाज मुद्रित होतो, मग त्या आवाजावर तोंड बसवतात. प्रत्येक ध्वनीसाठी ओठांचा एक वेगळा तुकडा असतो, तो चेहऱ्यावर लावायचा, चित्र घ्यायचं, काढायचा, पुढचा लावायचा. मंदारिनमध्ये शब्दाच्या शेवटी ओठ कधी मिटत नाहीत, कारण त्या भाषेतलं कोणतंही अक्षर प किंवा म वर संपत नाही. ताइगीत मात्र अशी अक्षरं पावलोपावली भेटतात. ‘दहा’ म्हणताना शेवटी ओठ मिटतात आणि तिथेच थांबतात, ‘मन’ म्हणतानाही तसंच. त्यात नाकातून येणारे स्वर भरपूर. मंदारिनसाठी केलेला तोंडांचा संच ताइगी बोलणाऱ्या बाहुलीला लावला, तर आवाज एकीचा आणि चेहरा दुसरीचा दिसतो. घरात ताइगी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोट लगेच जाणवते. म्हणून आम्ही ताइगीचा संच मुळापासून वेगळा केला. मी कुडाळची. घरात मालवणी. ‘खंय’ आणि ‘हंय’ म्हणताना नाकातून जाणारा स्वर माझ्या अंगवळणी पडलेला आहे, आणि या कामात त्याचा उपयोग होतो.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगते आहे, कारण मी इथे ही तोंडं घडवत असताना तिकडे महाराष्ट्रात कोणाच्या तोंडी कोणती भाषा असावी यावर रान पेटलं होतं. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. आरडाओरड झाली, शब्द बदलले, पुन्हा आरडाओरड झाली आणि २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. माझं मत स्पष्ट आहे: सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादणं चूक होतं आणि ते मागे घेतलं हे उत्तम झालं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचाही मला मनापासून आनंद झाला. पण त्या सगळ्या महिन्यांत गावाकडच्या, पुण्याच्या, मुंबईच्या माणसांशी बोलताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. मराठीवर बाहेरून काय लादलं जातं, याबद्दल आपण तासन्‌तास बोलतो. मराठीच्या नावाने आपण घरात कोणाला गप्प बसवलं, हा प्रश्न कुणी काढत नाही. तैवानने तोच प्रश्न स्वतःला विचारला. इथल्या चित्रपटांत, बाहुल्यांत, शाळांत आज जो जीव दिसतो त्याचं मूळ मला त्या प्रश्नात दिसतं.

तैवानच्या शाळांत मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या काळात (१९४९ ते १९८७) मातृभाषा बोललेल्या मुलाला दंड व्हायचा, त्याच्या गळ्यात पाटी अडकवली जायची. पाटीवर लिहिलेलं असायचं की मी राष्ट्रभाषा बोलेन, बोली बोलणार नाही. वर्गात दुसरं कोणी मातृभाषेत बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात. आमच्या चित्रपटात त्या पाटीचा प्रसंग आहे. पाटी अडकवून घेतलेलं मूल आणि ती पुढे कोणाच्या गळ्यात घालायची हे शोधत फिरणारी त्याची नजर. तो प्रसंग पाहताना मला माझी प्राथमिक शाळा आठवते. मी ‘माका’ म्हटलं की बाई हसायच्या आणि मग सगळा वर्ग हसायचा. पाटी नव्हती, दंडही नव्हता. पण चौथीपर्यंत मी घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी अशी विभागले गेले. ती माझीच नव्हे, खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या, मेळघाटातल्या असंख्य मुलांची गोष्ट आहे. अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांना निदान हसण्यावारी नेलं जातं. गोंडी, कोरकू, वारली, कातकरी घरात बोलणाऱ्या मुलाला तर पहिल्या दिवसापासून कळतच नाही की समोर काय चाललं आहे. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे, जिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. ती जायच्या वाटेवर आहे. मराठी बचावाच्या एकाही मोर्चात मी तिचं नाव ऐकलं नाही.

तैवानमध्ये ही दडपणूक पडद्यावरही होती, म्हणून आमच्यासारख्यांच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. इथली हातमोज्यासारखी घालायची बाहुली, पोतेही, ही बेटाची सगळ्यात लाडकी कला. १९३७ नंतर जपान्यांनी सगळ्यांना सम्राटाची प्रजा बनवायची मोहीम काढली, तेव्हा या बाहुल्यांना जपानी कथा आणि जपानी कपडे घ्यावे लागले. युद्धानंतर त्याच बाहुल्यांकडून कम्युनिस्टविरोधी प्रचाराची नाटकं करवून घेतली गेली. १९७० मध्ये ह्वांग ज्युन-श्युंग यांनी त्या टीव्हीवर आणल्या, ताइगीत. त्यांचे वडील ह्वांग हाय-ताय हे युनलिनचे थोर बाहुलीकार. मालिका लागली की रस्ते ओस पडत. १९७४ मध्ये ती बंद करण्यात आली, शेतकरी-कामगारांच्या कामात अडथळा येतो असं कारण देऊन. १९७६ च्या प्रसारण कायद्यात तर लिहूनच टाकलं की बोलीभाषांचे कार्यक्रम वर्षागणिक कमी करत न्यायचे. ते कलम १९९३ पर्यंत राहिलं.

मग हे उलटलं कसं? आपोआप नाही. २८ डिसेंबर १९८८ ला हक्का ही वेगळी चिनी भाषा बोलणाऱ्या समाजाने तैपेईत मोर्चा काढला, आमची आईची भाषा परत द्या म्हणून. त्यानंतरच्या तीस वर्षांत हक्का टीव्ही आला, आदिवासींची स्वतःची वाहिनी आली. डिसेंबर २०१८ मध्ये कायदा झाला, ज्यात बेटावरच्या सगळ्या समाजांच्या भाषा, आणि तैवानची खुणांची भाषासुद्धा, राष्ट्रभाषा ठरल्या. सगळ्या सारख्या. २०१९ मध्ये सार्वजनिक प्रसारण संस्थेची ताइगी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर मुलांसाठीचे कार्यक्रम आले. २०२२ पासून माध्यमिक शाळेतही स्थानिक भाषेचा तास सक्तीचा आहे. त्यातला कोणता पर्याय घ्यायचा ते मूल आणि घर ठरवतं.

यावर तिकडचे मित्र विचारतात, मग भाषा वाचल्या का? खरं उत्तर आहे: पुरत्या नाही. तैनानच्या रस्त्यावर शाळा सुटल्यावर मुलं मंदारिनमध्येच बोलतात. आठवड्यातल्या एका तासाने घरातली भाषा परत येत नाही. शिवाय २०३० पर्यंत देश इंग्रजी-मंदारिन द्विभाषिक करायचं धोरण सरकारने २०१८ मध्येच जाहीर केलं, त्यामुळे शाळेचा वेळ आणि पैसा इंग्रजीकडे ओढला जातो, ही इथल्या मातृभाषांच्या शिक्षकांची रास्त तक्रार आहे. आपली बाजू यात कितीतरी भक्कम आहे. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८.३० कोटी होते आणि अख्ख्या तैवानची लोकसंख्या २.३ कोटी आहे. आपल्याकडे एक लिपी, शतकांचं वाङ्मय, वर्तमानपत्रं, रंगभूमी. इथे ताइगी कशी लिहायची यावरही एकमत नाही. चिनी अक्षरांत की रोमन लिपीत? आमच्या चित्रपटातल्या एका दुकानाच्या पाटीवरून या प्रश्नावर लांबलचक चर्चा झाली. रोमन लिपीतलं ताइगी वर्तमानपत्र १८८५ मध्ये याच शहरात मिशनरी थॉमस बार्कले यांनी सुरू केलं होतं, त्यामुळे ती लिपीही इथली जुनी रहिवासी आहे. गोव्यात रोमी आणि देवनागरी कोंकणीचा वाद पाहिलेल्याला हे नवं वाटणार नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीतच. शेवटी त्या दुकानाच्या पाटीवर आम्ही चिनी अक्षरं ठेवली आणि बाईच्या देवघराजवळ रोमन लिपीतलं बायबल. तिची आई चर्चला जाणारी आहे, वडील मंदिरात.

ज्यांचे हात इतके रिकामे होते त्यांनी हे केलं. आपले भरलेले आहेत, म्हणून आपल्याबद्दलची माझी अपेक्षा मोठी आहे.

चित्रपट सुरू कुठून करायचा, यावर आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. पहिल्या मसुद्यात सुरुवात कॉक्सिंगापासून होती. कॉक्सिंगा म्हणजे चीनच्या मिंग राजघराण्याशी इमान राखणारा सेनापती. त्याची आई जपानी, जन्म १६२४ चा, जपानमधल्या हिरादोचा. त्याने १६६१-६२ मध्ये तैनानच्या झीलंडिया किल्ल्याला वेढा घालून डचांना बेटावरून घालवलं आणि त्याच वर्षी तो वारला. हे डच म्हणजे तीच ईस्ट इंडिया कंपनी जिची वखार आमच्या वेंगुर्ल्यात होती. वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीच्या भिंती पाहत वाढलेल्या मुलीला झीलंडियाच्या विटा पाहून काय वाटलं असेल हे सावंतवाडी-कुडाळकडच्या वाचकाला सांगायला नको. शिवाजी महाराज आणि कॉक्सिंगा एकाच काळातले, सहा वर्षांच्या अंतराने जन्मलेले, आणि दोघांनाही त्याच कंपनीशी गाठ पडलेली. कॉक्सिंगाची बाहुली घडवताना हे माझ्या मनात सारखं असायचं.

पण कॉक्सिंगाला प्रत्येक राजवटीने आपापल्या मापाने शिवून घेतलं आहे. जपान्यांनी त्याच्या जपानी आईकडे बोट दाखवून त्याच्या मंदिराचं शिंतो देवस्थान केलं. राष्ट्रवादी सरकारने त्याला मुख्य भूमी परत जिंकायचं स्वप्न पाहणारा वीर केलं. चीनमध्ये तो परकीयांना हाकलणारा देशभक्त. आणि तैनानच्या आसपासच्या सिराया आदिवासींच्या दृष्टीने त्याचे सैनिक हे जमिनीवर येऊन बसलेले आणखी एक परके. २०२४ मध्ये तैनानने डचांच्या आगमनापासूनची चारशे वर्षं साजरी केली, तेव्हा प्रश्न विचारला गेलाच की चारशे वर्षं कोणाची? त्याआधी इथे माणसं नव्हती? भाषाशास्त्र तर सांगतं की मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळाचं मूळ घर तैवान आहे. सरकारच्या मान्यताप्राप्त सोळा जमातींत सिराया नव्हते. २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इथली एक जुनी म्हण आहे की चीनमधून आलेला आजोबा आहे, चीनमधून आलेली आजी नाही. समुद्र ओलांडून पुरुष आले, त्यांनी इथल्या आदिवासी बायकांशी संसार केले, आणि पुढे वंशावळीतून त्या बायका गाळल्या.

शेवटी आमचा चित्रपट कॉक्सिंगाने सुरू होत नाही. तो पाण्याने भरलेल्या एका मडक्याने सुरू होतो. सिराया लोकांचं दैवत अशा मडक्यात वसतं. बाईच्या आजीच्या घरात ते मागच्या खोलीत, दाराआड ठेवलेलं आहे आणि नात विचारते की हे काय. कॉक्सिंगा पुढे येतो, देवळातल्या मूर्तीच्या रूपात. हा बदल दिग्दर्शिकेने केला आणि तो सोपा नव्हता, कारण पैसे देणाऱ्यांना वीरपुरुषाने झालेली सुरुवात अधिक आवडते. मला तो पूर्ण पटला.

आपल्याकडे शिवचरित्राबद्दल मी हेच म्हणू धजते, पूर्ण आदराने. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा लिहिला तेव्हा त्यांना कुळवाडीभूषण दिसला. टिळकांनी उत्सव सुरू केला तेव्हा त्यांना राष्ट्राला जागं करणारा पुरुष दिसला. रानड्यांनी इतिहास लिहिला तेव्हा मराठी समाजाच्या एकत्रित शक्तीचं फळ दिसलं. प्रत्येकाने आपल्या काळाचा प्रश्न महाराजांपुढे मांडला आणि त्यामुळे महाराजांचं मोठेपण वाढलंच. आज मात्र पडद्यावर एकच आवाज, एकच रंग आणि एकच शत्रू चालतो. मार्च २०२५ मध्ये, एक इतिहासपट जोरात चालू असण्याच्या दिवसांत, औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि नागपुरात दंगल झाली. मी भव्य इतिहासपटांच्या विरुद्ध नाही. संभाजीराजांचं मरण पाहून रडणाऱ्या प्रेक्षकाचे अश्रू खरे आहेत. माझी तक्रार एवढीच की त्या सगळ्या वैभवात गडावर लाकडं वाहणारा, घोड्याला खरारा करणारा, दर्यावर गलबत हाकणारा माणूस कोणत्या भाषेत बोलत होता, कोणत्या जातीचा आणि धर्माचा होता, याचा शोध घेण्याची तसदी कुणी घेत नाही. बाहुलीपट करताना ही तसदी घ्यावीच लागते. खऱ्या नटाच्या अंगावर कोणताही अंगरखा चालून जातो. बाहुलीचा अंगरखा मात्र कोणीतरी बसून शिवायचा असतो, आणि शिवणारा विचारतोच की गाठ डावीकडे की उजवीकडे, कापड कुठलं, आणि ते कोणी विणलं.

१९४७ च्या प्रसंगाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी तैपेईत बेकायदा सिगारेट विकणाऱ्या लिन ज्यांग-माई या विधवेला मक्तेदारी खात्याच्या माणसांनी मारहाण केली. जमावावर गोळी झाडली गेली, एक जण मेला. दुसऱ्या दिवशी शहर उठलं, मग बेट. ८ मार्चला चीनमधून पाठवलेलं सैन्य कीलुंग बंदरात उतरलं आणि कत्तल सुरू झाली. १९९२ मध्ये सरकारने स्वतः नेमलेल्या अभ्यासगटाने मृतांचा अंदाज १८,००० ते २८,००० दिला. त्याआधी चाळीस वर्षं या घटनेचं नाव काढणंही धोक्याचं होतं. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. आज २८ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

तैनानच्या मधोमध जो गोल बगीचा आहे, तिथे १३ मार्च १९४७ रोजी वकील तांग ते-चांग यांना जाहीरपणे गोळ्या घातल्या. त्यांचे वडील जपानी पोलीस होते आणि १९१५ च्या जपानविरोधी उठावात बंडखोरांच्या हातून मारले गेले होते. आई तैवानी. म्हणजे तैवानी बंडखोरांनी ज्याच्या बापाला मारलं, तोच मुलगा पुढे तैनानच्या तरुणांना वाचवताना मेला. अटक होण्याआधी त्यांनी त्या तरुणांच्या नावांची यादी जाळली, असं सांगितलं जातं. बगीच्याला आज त्यांचं नाव आहे. शुद्ध रक्ताच्या कसोटीवर हा माणूस कुठल्याच बाजूच्या यादीत बसला नसता.

आम्ही गोळ्या दाखवत नाही, फक्त यादी जळताना दाखवतो. स्टॉप मोशनमध्ये खरी ज्योत वापरता येत नाही, ती एका चित्रातून दुसऱ्या चित्रात स्वतःच्या मर्जीने उडते. म्हणून कागद आधीच थोडा-थोडा करपवून घ्यायचा, प्रत्येक टप्प्याचा वेगळा कागद, आणि ज्योत पातळ रंगीत जिलेटिनच्या पाकळ्यांची. कागदावरची नावं तीन प्रकारच्या हस्ताक्षरांत आहेत, कारण ती पोरं जपानी शाळेत शिकलेली, चिनी नावं असलेली आणि घरी ताइगी बोलणारी होती. कॅमेरा ती नावं वाचू देत नाही. लिहिणाऱ्याने मात्र ती खरोखरच लिहिली आहेत.

गावाकडच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला फोनवर सांगितलं, की तुमच्या तैवानला हे सगळं परवडतं कारण समोर चीन आहे, धोका असला की माणसं आपोआप एक होतात. मला वाटतं इतिहास याच्या उलट सांगतो. ‘शत्रू दारात आहे, आत्ता घरातले प्रश्न काढू नका’ हेच कारण देऊन १९४९ पासून १९८७ पर्यंत अडतीस वर्षं मार्शल लॉ ठेवला गेला. त्याच कारणाने माणसं रातोरात उचलली गेली, हरित बेटाच्या तुरुंगात डांबली गेली. धोका तेव्हा होता तसाच आजही आहे, विमानं आणि जहाजं बेटाला घेरून सराव करतातच. तरीही इथल्या लोकांनी घरातले प्रश्न काढले, आणि त्यामुळे घर मोडलं नाही. १ ऑगस्ट २०१६ ला राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी आदिवासींची शतकांच्या अन्यायाबद्दल माफी मागितली. त्या माफीने आदिवासींच्या जमिनी परत मिळाल्या नाहीत, हेही आदिवासी कार्यकर्ते ठणकावून सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण माफी मागितल्यावर आता त्यावर गाणं, नाटक, बाहुलीपट करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येत नाही.

तैवानला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. २०२३ च्या अखेरीस बातमी पसरली की भारतातून एक लाख कामगार येणार, आणि इथल्या समाजमाध्यमांवर भारतीयांबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचून माझी झोप उडाली. तैपेईत निदर्शनंही झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी करार केला, आणि लगेच इथल्या कामगारमंत्र्यांनी ईशान्य भारतातले लोक आधी घेऊ, त्यांचा रंग आणि खाणं आमच्याजवळचं आहे, असं म्हटलं. टीका झाल्यावर माफीही मागितली. परप्रांतीय म्हणून कुणाला मारहाण झाल्याची चित्रफीत महाराष्ट्रातून येते तेव्हा मी आता ती दोन्ही बाजूंनी पाहते. मराठीचा मान राखा, हे म्हणणं मला पटतं, मी ज्या देशात राहते त्याची भाषा मीही शिकले. पण रिक्षावाल्याच्या थोबाडीत मारून भाषा शिकवता येते यावर माझा विश्वास उरलेला नाही. इथल्या शाळांत २०१९ पासून व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई अशा सात भाषा मातृभाषेच्या तासाला निवडता येतात, कारण लग्न होऊन आलेल्या हजारो आयांच्या त्या भाषा आहेत. आमच्या स्टुडिओत साचे ओतणाऱ्या मुलाची आई व्हिएतनामी आहे. चित्रपटाच्या शेवटच्या भागात म्हातारी झालेल्या नायिकेची काळजी घेणारी बाई व्हिएतनामी बोलते, आणि तिच्या तोंडाचा चौथा संच त्याच मुलाने आईला समोर बसवून केला.

थोडं हाताच्या कामाबद्दल. आमच्या बाहुल्यांचे सांगाडे धातूचे आहेत, पण मुख्य डोकी कापराच्या लाकडात कोरलेली, पोतेहीच्या परंपरेने. लाकूड कोरताना खोलीभर आरतीचा वास येतो. हा कापूर एके काळी तैवानचं सोनं होता. चित्रपटाची जुनी रिळं ज्या सेल्युलॉइडची होती त्यात कापूर लागतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगाला कापूर पुरवण्यात तैवान पुढे होता. जपान्यांनी १८९९ मध्ये त्याचा मक्ता घेतला. कापराची झाडं डोंगरात, डोंगर आदिवासींचे, म्हणून डोंगरात फौजा गेल्या. म्हणजे चित्रपट नावाची कला ज्या पट्टीवर उभी राहिली, तिच्यात या बेटाच्या डोंगरातलं रक्त आहे. आमच्या फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक करून सरकवत चित्रपट केला, तोही अशाच कोण्या रिळावर. हाताने सरकवत करण्याच्या कामाची आपली परंपरा इतकी जुनी आहे.

ती पुढे का गेली नाही, हे इथे राहून मला जास्त कळतं. १९७८ मध्ये तैपेईत सुरू झालेल्या एका कंपनीने अमेरिकन कार्टूनची कामं घ्यायला सुरुवात केली आणि ऐंशीच्या दशकात ती जगातल्या सगळ्यात मोठ्या कंत्राटी ॲनिमेशन कंपन्यांत गणली जायची. हजारो तैवानी हातांनी दुसऱ्यांच्या गोष्टी रेखाटल्या. आज मुंबई, पुणे, हैदराबादमध्ये तेच चाललं आहे. माझ्याबरोबर शिकलेले बहुतेक जण रात्रपाळीत परदेशी पात्रांचे केस हलवतात. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ॲनिमेशनसाठी धोरण मंजूर केलं, त्यात गुंतवणूक आणि नोकऱ्या आहेत. गोष्टी कोणाच्या, हा प्रश्नही त्यात यायला हवा. इथे सांस्कृतिक मंत्रालय छोट्या लघुपटांना अनुदान देतं, आणि ताइगी किंवा आदिवासी भाषेतल्या कामाला दार बंद नसतं. पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आख्खं कुडाळ आनंदलं. त्या बाहुल्यांच्या तोंडी मालवणीत नवी गोष्ट घालायला किती पैसे लागतील? एका शासकीय जाहिरात मोहिमेच्या मानाने फारच थोडे.

मला करायचा आहे तो चित्रपट गिरणगावचा. माझे मामा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते कायमचे कोकणात परतले. त्यांच्या खात्यात मालवणी बोलणारे होते, घाटावरचे होते, तेलुगू बोलणारे पद्मशाली होते आणि मदनपुऱ्याहून येणारे उर्दू बोलणारे विणकर होते. चाळीच्या एका जिन्यावर या सगळ्या भाषा ऐकू यायच्या, असं मामा सांगतात. मराठी मुंबई म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात खरं उत्तर त्या जिन्यावर आहे. मी त्याची चित्रं काढायला घेतली आहेत. पण संप पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि आमच्या कामात आवाज आधी लागतो. म्हणून पुढच्या सुट्टीत मी मुद्रणयंत्र घेऊन कुडाळला येते आहे, मग मामांच्या जुन्या सोबत्यांकडे लालबागला, आणि ज्यांच्या घरी कोणी संपातलं तेलुगू किंवा उर्दू बोलणारं माणूस आहे त्यांनी मला कळवावं. बाहुल्या नंतर करता येतील.